अण्णांची तार आणि वहिनींचं तोरण

"काल रात्री अण्णा आमच्या हॉलमध्ये आले होते, भाऊजी."

"किती वाजता? नऊला तर मी त्यांना फाटकाला कुलूप लावताना पाहिलं."

"देहानं नाही हो, आवाजानं. मी मालिका बघत बसले होते. सासू सुनेला आता घराबाहेर काढणार, एवढ्यात टीव्हीखालच्या त्या लांबट स्पीकरमधून 'व्हँव, व्हँव, व्हँव'. सून काय उलटून बोलली ते गेलंच. ह्यांना म्हटलं, स्पीकर कामातनं गेला. हे म्हणाले, स्पीकर कुठला, अण्णा रेडिओवर बसलेत."

नेरूळला सिडकोच्या रो-हाउसमध्ये राहायचं तर कमरेएवढ्या भिंतीवरून एवढं ऐकून घ्यावंच लागतं. त्यात वहिनींची कपड्यांची दोरी नेमकी भिंतीला लागून. एक चादर झटकायला त्यांना पाच मिनिटं लागतात आणि तेवढ्यात गल्लीचं वार्तापत्र पुरं होतं. अण्णांचं घर माझ्या दुसऱ्या हाताला. महापेच्या एमआयडीसीत नोकरी करून निवृत्त झालेले, आणि नोकरीपेक्षा जास्त निष्ठेनं हॅम रेडिओ चालवणारे.

"तुम्ही काय बोलणार म्हणा. तारेचं एक टोक तुमच्याच शेवग्याला बांधलंय."

हे खरं होतं. चाळीस मीटरच्या पट्ट्यावर बोलायला डायपोल लावायचा तर वीस मीटर तार लागते, आणि सिडकोनं प्लॉट पाडताना याचा काही विचार केलेला नव्हता. अण्णांच्या गच्चीवर मध्ये जीआय पाइप, तिथून दोन्हीकडे उतरत आलेली तार, एक टोक त्यांच्या मागच्या भिंतीवर आणि दुसरं, इन्सुलेटर आणि नायलॉनच्या दोरीनं, माझ्या शेवग्यावर. त्या बदल्यात शेंगा अण्णाच नेतात. हा व्यवहार उलटा कसा झाला ते मला अजून कळलेलं नाही.

"सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला सेक्रेटरी हा विषय आणणारेत," वहिनी म्हणाल्या. "तारेनं रेडिएशन होतं, विजा ओढल्या जातात, आणि आता विमानतळ शेजारी आलाय. आणखी माझं वेगळंच. संध्याकाळी सातला दिवा लावला की मी अस्मिता वाहिनी लावते. हल्ली नुसती घरघर! नाट्यगीत आहे की कांदे-बटाट्याचे भाव आहेत, पत्ता लागत नाही. लायसन्स तरी आहे का त्यांच्याकडे?"

"लायसन्स आहे. ते मी पाहिलंय."

"रेडिओचं लायसन्स आमच्या सासऱ्यांकडेपण होतं. दरवर्षी पोस्टात पैसे भरायचे."

"ते ऐकायचं लायसन्स. ते ऐंशीच्या दशकात सरकारनं बंद केलं. हे बोलायचं. त्याला परीक्षा असते, पोलिसांची चौकशी असते, आणि कागद दिल्लीहून दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विंगकडून येतो. व्हीयू टू, व्हीयू थ्री अशी पाटी मिळते. व्हीयू थ्री म्हणजे रिस्ट्रिक्टेड, व्हीयू टू म्हणजे जनरल. अण्णा व्हीयू टू आहेत."

"पाटी गाडीलापण असते, म्हणून गाडी अंगावर घालतात का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण शेवग्याच्या बाजूनं आलं. अण्णा हातात चहाचा कप घेऊन दोरीचा ताण बघायला माझ्या परसात शिरले होते आणि किती वेळ ऐकत उभे होते देव जाणे.

"वहिनी, स्पीकरचा गुन्हा कबूल. पण पूर्ण नाही, अर्धाच."

वहिनी क्षणभर गोऱ्यामोऱ्या झाल्या. पण पाठीमागे बोलताना पकडलं गेलं तर आवाज चढवायचा, हा गल्लीचा जुना नियम आहे. "अर्धा कसा? आवाज तुमचा होता ना?"

"आवाज माझा. पण तुमच्या स्पीकरची वायर आयतीच माझा ॲन्टेना झाली. आतल्या ॲम्प्लिफायरला माझी लहर अडवायची सोय नाही, तो तिचाच आवाज करून मोकळा होतो. त्यात मी बोलतो ते सिंगल साइडबँडवर, म्हणून साध्या स्पीकरला शब्द कळत नाहीत, व्हँव व्हँव तेवढं कळतं. वायरवर फेराइटचं कडं चढवलं की बंद होईल. आज संध्याकाळी आणून बसवतो, माझ्या खर्चानं. पण अस्मिता वाहिनीची घरघर माझी नाही."

"मग कुणाची?"

"ती मीही शोधतोय. संध्याकाळी सातपासून अकरापर्यंत मला चाळीस मीटरवर काहीच ऐकू येत नाही. मीटरची सुई काही न बोलता एस नऊवर बसलेली. तुम्हाला वाटतं मी तुमचं बिघडवतो, आणि इथं मी घरात हात चोळत बसलेलो असतो."

हे मला नवीन होतं. मला वाटायचं, अण्णा रात्रभर जगाशी गप्पा मारतात.

"कसल्या गप्पा!" अण्णांनी कप भिंतीवर ठेवला. "आमच्याकडे जागा किती, ठाऊक आहे? या पट्ट्यात ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ. एका माणसाच्या बोलण्याला तीन किलोहर्ट्झ धरा. म्हणजे सगळे शिस्तीत बसले तरी साठ-पासष्ट संभाषणं. आणि रात्री ही लहर आभाळातून उलटून येते, त्यामुळे या साठ खुर्च्यांवर जपानपासून रशियापर्यंतचे सगळे बसायला येतात. २००९ पर्यंत तर याच्या अर्ध्या जागेत मोठी मोठी प्रसारण केंद्रं ठाण मांडून होती. त्यांचे शेकडो किलोवॅट, आमचे शंभर वॅट. त्या वर्षी २९ मार्चला आंतरराष्ट्रीय ठरावाप्रमाणे ती ७.२ च्या वर सरकली."

"सगळी सरकली?"

"सरकायला हवी होती. इरिट्रियाचा रेडिओ आणि त्याच्यावर इथिओपियाकडून टाकलेला गोंगाट आमच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं ऐकू आलाय. भांडण त्यांचं, डोकं आमचं उठतं."

वहिनींनी चादरीचा चिमटा काढून परत लावला. "आमच्या माहेरी रेडिओ सिलोन लागायचं. बुधवारी रात्री आठला बिनाका. मोठा भाऊ बटण असं केसाएवढं फिरवायचा. जरा जास्त फिरलं की चिनी बाई बोलायला लागायची."

"तेच ते, एक्केचाळीस मीटर. आमच्या पट्ट्याची पलीकडची भिंत." अण्णा खुलले. "आणि सिलोनवर एवढी गर्दी कुणामुळे झाली? आपल्याच केसकरांमुळे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, पुण्याचे. नभोवाणी मंत्री झाले आणि १९५२ साली आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी बंद पडली. लोक गेले सिलोनला. १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली तेव्हा कुठे परत आले."

आता मलाही जोर आला. मला या पट्ट्याबद्दल एकच गोष्ट ठाऊक होती आणि ती सांगायची संधी मी बरेच दिवस शोधत होतो. १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मुंबईत भूमिगत काँग्रेस रेडिओ चालला, तो ४२.३४ मीटरवर. तीनशेला मीटरनं भागलं की मेगाहर्ट्झ येतात. म्हणजे ७.०८ च्या आसपास. ज्या पट्ट्यासाठी आमच्या शेवग्याला तार बांधली आहे, नेमका तोच.

"उषा मेहतांचा?" वहिनी म्हणाल्या. "मी सिनेमा पाहिलाय त्याच्यावर, मोबाइलवर. सारा अली खान आहे."

"त्या सिनेमातला ट्रान्समीटर ज्यानं खराखुरा बांधला तो नरिमन प्रिंटर हॅम होता," अण्णा म्हणाले. "महायुद्ध सुरू झालं तशी सरकारनं हॅम लोकांची लायसन्सं रद्द केली, सामान जमा करा म्हणाले. यानं सुटे भाग राखून ठेवले होते. जागा सारखी बदलायचे, कारण पोलिसांच्या शोधगाड्या फिरायच्या. शेवटी प्रिंटर पकडला गेला आणि त्यानंच पोलिसांना जागा दाखवली. १२ नोव्हेंबरला धाड पडली. उषाबेनना चार वर्षं येरवडा."

"म्हणजे घरभेदी निघाला! हॅमच होता ना?"

अण्णांनी चहाचा घोट घेतला. या मुद्द्यावर समस्त हॅम बिरादरीतर्फे बचाव करायची त्यांची तयारी दिसली नाही.

विमानतळाचा विषय मात्र वहिनींनी सोडला नाही. गेल्या नाताळाला, २५ डिसेंबर २०२५ ला, तिथून प्रवासी विमानं उडायला लागली तेव्हापासून गल्लीत प्रत्येकाला विमानशास्त्र कळायला लागलंय.

"माझ्या ७ मेगाहर्ट्झचा विमानाला काही त्रास नाही," अण्णा म्हणाले. "विमानाची हवा सुरू होते १०८ मेगाहर्ट्झला. आता रेडिओवर एफएम कुठे संपतो बघा. १०८ लाच. मध्ये भिंत नाही, आपल्या दोघांत आहे तेवढीसुद्धा नाही. १०७.१ ला रेनबो, १०७.८ ला मुंबई विद्यापीठाचं केंद्र, आणि त्याच्या लगेच वर, १०८ ते ११२ मध्ये, धावपट्टीची मधली रेघ दाखवणारी यंत्रणा. पाऊस-धुक्यात वैमानिक तिच्यावर विसंबून उतरतो."

"मग एफएमवाल्यांना काढा!"

"ते कायद्यानं, फिल्टर लावून, मोजूनमापून बसलेत. घोळ हौशी पोरांचा आहे. गणपतीत मंडळाची मुलं माझ्याकडे आली होती. ऑनलाइन छोटा एफएम ट्रान्समीटर मिळतो, तो लावू, आरती सगळ्या सेक्टरला ऐकू जाईल. म्हटलं, आरती सेक्टरला जाईल आणि तिची पिल्लं धावपट्टीवर जातील. स्वस्त यंत्राला फिल्टर नसतो. दोन जोरदार लहरी त्याच्यात शिरल्या की तिसरीच जन्माला येते. १०४.८ च्या केंद्राचा आकडा दुप्पट करा, त्यातून ९८.३ च्या केंद्राचा वजा करा."

मी मनातल्या मनात केलं. १११.३.

"कागदावरचं गणित आहे," अण्णांनी लगेच हात वर केला. "त्या केंद्रांकडून असं होतं असं मी म्हणत नाही, हे टाळण्यासाठीच त्यांचं सगळं मोजलेलं असतं. पण तुमच्या मंडळाच्या यंत्राचं कोण मोजणार? शिवाय लायसन्सशिवाय लावला तर गुन्हा, ते वेगळंच."

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला मोठा धोका हाच आहे, आणि मीटिंगच्या विषयपत्रिकेवर तो कुठेच नाही. तिथे आहे फक्त अण्णांची तार, कारण ती दिसते. समोरच्या टॉवरच्या वॉचमनकडच्या वॉकीटॉकी कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. कुणीतरी स्वस्तात मागवल्या, ज्या आकड्यावर आल्या त्याच आकड्यावर वापरायला घेतल्या. तो आकडा निघाला १४५ मेगाहर्ट्झच्या घरातला. १४४ ते १४६ हा हॅमचा पट्टा. तेव्हापासून अण्णांना 'बी विंगचा दूधवाला सोडू का' हे दिवसातून दोनदा ऐकावं लागतं.

"बिनलायसन्सचा पट्टा आहे की," अण्णा कळवळून म्हणाले, "४४६.० ते ४४६.२. तिथं बसणारे सेट घ्या, खुशाल बोला. पण विकणारा ते सांगतच नाही. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मोठमोठ्या ऑनलाइन दुकानांना नोटिसा काढल्या, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, लायसन्स लागतं का, हे लिहीतच नव्हते. मग नियमावली आली."

"वॉचमनला सांगितलंत का?"

"सांगितलं. तो म्हणाला, साहेब, तुम्हीच चॅनेल बदला."

वहिनी एवढ्या हसल्या की उशीचा अभ्रा माझ्या बाजूला पडला. मी तो उचलून देईपर्यंत विषय बदलला होता. वहिनींच्या बोलण्यात विषय असाच बदलतो, मध्ये पूर्णविराम नसतो.

"हसण्यावारी नेऊ नका, अण्णा. आज तुमच्याकडे कामच होतं. ह्यांच्या वडिलांचा जुना रेडिओ माळ्यावरून काढलाय. व्हॉल्व्हचा, लाकडी पेटी, पुढे कापड. धाकटी म्हणाली, रेट्रो आहे, हॉलमध्ये ठेवू. पुसूनबिसून घेतलाय. एक बटण तेवढं निघालंय. दुपारी लावून बघणार आहे."

अण्णांचा चेहरा उतरला. तारेवर, विमानतळावर, घरभेद्यावर एवढं ऐकून घेतलेला माणूस इथे खरोखर घाबरला.

"प्लग लावू नका."

"का हो?"

"प्लगला पिना किती आहेत?"

"दोन."

"मग मुळीच लावू नका. आतमध्ये ट्रान्सफॉर्मर आहे का नाही ते बघू दे मला आधी. त्या काळात काही सेट एसी-डीसी असायचे, बिनट्रान्सफॉर्मरचे. स्वस्त पडायचे. त्यांत घरातल्या विजेची एक वायर थेट लोखंडी सांगाड्याला जोडलेली. दोन पिनांचा प्लग सुलटा बसला तर ठीक. उलटा बसला तर अख्ख्या सांगाड्यात २३० व्होल्ट. बाहेर लाकडी पेटी आणि बेकलाइटची बटणं असतात, म्हणून माणूस वाचतो. आता तुमचं एक बटण निघालंय. म्हणजे तिथं लोखंडाचा दांडा उघडा आहे. धाकटी आवाज मोठा करायला कशाला हात लावणार?"

वहिनी गप्प झाल्या. ही घटना क्वचित घडते.

"आणि ट्रान्सफॉर्मर असला तरी," अण्णा आता थांबणारे नव्हते, "आतले मेणाचे कागदी कपॅसिटर इतक्या वर्षांत गळायला लागलेले असतात, इलेक्ट्रोलायटिक वाळून गेलेले असतात. एकदम पूर्ण वीज दिली की फुटतात, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जाळतात. वायरीवरचं रबर हात लावला की भुगा होतो. मी आधी सिरीज बोर्डावर लावून बघतो. सेटच्या वाटेत एक शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब. आत शॉर्ट असला तर बल्ब भगभगून पेटतो आणि सेट वाचतो. बल्ब मंद राहिला तर पुढे जायचं. ते पिवळे बल्ब मी जपून ठेवलेत, हल्ली मिळत नाहीत."

"पण बंद करून तर हात लावता येतो ना?"

"बंद आहे म्हणजे मेलाय असं नाही. कपॅसिटर प्लग काढल्यावरसुद्धा भरलेला राहतो. माझ्याकडे जुना लीनियर ॲम्प्लिफायर आहे, दोन ८०७ व्हॉल्व्हचा. आत सातशे व्होल्ट. तो उघडायच्या आधी मी प्लग काढून हाताशी ठेवतो, म्हणजे दुसरं कुणी लावायला नको. मग काठीच्या टोकाला बांधलेल्या अर्थच्या वायरनं एकेक जागा टेकवत जातो. आणि एक हात पँटच्या खिशात. दोन्ही हात आत घातले की वीज एका हातानं शिरते, छातीतून जाते, दुसऱ्या हातानं निघते. ज्यांच्याकडे शिकलो त्यांनी मला पहिल्या दिवशी सर्किट दाखवलं नाही, खिसा दाखवला."

त्यांनी उजव्या हाताची तर्जनी पुढे केली. टोकाला तांदळाएवढा पांढरा डाग होता. "हा मात्र तारेचा. बोलताना डायपोलच्या टोकाला सगळ्यात जास्त व्होल्टेज असतं. कुणीतरी रिग चालू ठेवली होती आणि मी टोक धरलं. चटका आतून बसतो, बाहेर कळायच्या आधी. म्हणून तुमच्या शेवग्याला," ते माझ्याकडे वळले, "तार नाही, नायलॉनची दोरी येते. शेंगा काढताना दोरीच्या पुढे हात नेऊ नका."

एवढी वर्षं मी शेंगा काढतोय, हे मला आज सांगितलं.

"मग सेक्रेटरी म्हणतात ते खरंच की," वहिनींनी लगेच धागा पकडला. "रेडिएशन."

"जवळ गेलं तर भाजतं, ते खरं. लांबून डोकं दुखतं असं म्हणाल तर तुमच्या मोबाइल टॉवरचं आधी बोला. तिथं आपल्या सरकारची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, १ सप्टेंबर २०१२ पासून. माझी तार गच्चीच्या वर आहे आणि मी दिवसातून तासभर, तोही थांबून थांबून बोलतो."

"आणि वीज?"

इथे अण्णा खालच्या सुरात आले. "विजेचं मात्र त्यांचं चुकीचं नाही. तार वीज ओढून आणत नाही, पण जवळपास पडली तर वायरीतून घरात यायला वाट मिळते. एप्रिल-मेचे वळवाचे दिवस आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस, या दिवसांत मी ॲन्टेनाची कोॲक्स वायर रिगमधून काढून खिडकीबाहेर टाकतो. पाइपाला वेगळा अर्थ दिलाय, खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून. पण खरं सांगू? मी अर्थ तपासायला गेलो तेव्हा घराचाच अर्थ जिवंत नव्हता. या खाडीच्या खाऱ्या हवेनं पट्टी खाऊन टाकलेली. तिसरी पिन नुसती शोभेला. माझी गेली म्हणजे तुमचीही गेलेली असणार, घरं एकाच वेळची आहेत. गिझर, वॉशिंग मशिन, सगळं त्याच शोभेच्या पिनेवर चाललंय. मीटिंगमध्ये तारेच्या आधी हे घ्या. अर्थिंग नवं करा आणि तीस मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवा."

मी वॉशिंग मशिनला हात लावला की कधीकधी मुंग्या येतात, हे आठवलं. सौभाग्यवती म्हणते, माझं वय झालंय.

"बरं, ते सगळं घ्यायला लावते मीटिंगमध्ये," वहिनी म्हणाल्या, म्हणजे मीटिंगची सूत्रं एव्हाना त्यांच्या हातात आली होती. "पण माझी घरघर कोण करतं ते सांगा. सात ते अकरा."

"चला, आत्ताच बघू. तुमचा तो ट्रान्झिस्टर आणा."

"आत्ता कुठं घरघर? ती संध्याकाळी असते."

"संध्याकाळी काय काय चालू करता?"

"काय करणार? दिवे. टीव्ही. ह्यांच्या स्कूटरचं चार्जिंग."

"तेवढं आत्ता करून दाखवा."

भरदिवसा वहिनींनी घरभर दिवे लावले. शेजारच्या दोन घरांतून डोकी बाहेर आली. अण्णांनी ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर नेला, ५५८ च्या अलीकडे, जिथं कुठलंच केंद्र नाही अशा जागी ठेवला, आणि कानाशी धरून भिंतीच्या कडेनं चालायला लागले. मागे मी, माझ्यामागे वहिनी. खर्रर्र असा एकसुरी आवाज येत होता, व्हरांड्यात बारीक, हॉलमध्ये मोठा. ट्यूबकडे नेला, फरक नाही. टीव्हीकडे नेला, थोडा. स्कूटरच्या चार्जरपाशी बराच, अण्णांनी मान डोलावली, पण थांबले नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराशी आवाज असा वाढला की ट्रान्झिस्टर थरथरायला लागला. तिथं देव्हारा होता. देव्हाऱ्याला एलईडीचं तोरण, रंगीत, उघडझाप करणारं, दिवाळीला आणलेलं आणि मग काढायचं राहून गेलेलं. अण्णांनी तोरणाच्या छोट्या काळ्या डबीजवळ ट्रान्झिस्टर नेला आणि प्लग काढला.

गप्प. बटण ५५८ वर नेलं. अस्मिता वाहिनीवर कुणीतरी आंब्यावरच्या भुरी रोगाबद्दल बोलत होतं, शब्दन् शब्द स्वच्छ.

"हे?" वहिनींचा विश्वास बसेना. "एवढुसं?"

"ही डबी २३० व्होल्टची वीज सेकंदाला हजारो वेळा तोडते आणि बारीक करून दिव्यांना देते. तोडताना गोंगाट होतो. तो बाहेर जाऊ नये म्हणून आत एक कॉइल आणि एक कपॅसिटर घालायचा असतो. पाच-सात रुपये वाचवायला तो घालत नाहीत. मग घरातल्या वायरी या गोंगाटाचा ॲन्टेना होतात. तुमच्या रेडिओपर्यंत येतो, माझ्या तारेपर्यंत येतो. असं हल्ली प्रत्येक घरात आहे. बल्ब, चार्जर, सोलरचा इन्व्हर्टर. लोक म्हणतात शॉर्टवेव्ह मेली. ती आहे तिथंच आहे, ऐकू येण्याएवढी शांतता उरलेली नाही."

"म्हणजे इतके दिवस तुमचं बोलणं मीच बंद पाडत होते?"

"देवानं," अण्णा म्हणाले. "तुम्ही निमित्त."

वहिनींनी तोरणाकडे पाहिलं, मग अण्णांकडे. पश्चात्ताप वगैरे त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसला नाही. "काढणार मी नाही. सासूबाईंना आवडतं. ते कडं म्हणालात ना स्पीकरला, ते याला चालेल?"

"चालेल. वायरीचे सात-आठ वेढे द्यायचे त्यातून. अगदी जाणार नाही, पण पुष्कळ उतरेल. तरी त्यापेक्षा डबी चांगली बदलून घ्या."

"कडं कुठं मिळतं?"

"लॅमिंग्टन रोडला. मी जाणार आहेच."

"मग आणा. एक स्पीकरला, एक तोरणाला, एक स्कूटरच्या चार्जरला. आणि एक वॉचमनला."

"वॉचमनला त्याचा काही उपयोग नाही हो, वहिनी."

"बरं, मग ते सेक्रेटरींकडे लावा. त्यांच्या गच्चीवर असली चार तोरणं आहेत. आणि मीटिंगच्या आधी लावा, भाऊजींना बरोबर घेऊन जा, ट्रान्झिस्टर मी देते. सेल मात्र तुमचे."